नाळेत उतरलेली गाय

आमचं गाव जिथं संपतं तिथं जमीनच संपते. शेवटचं घर आमचं, घरापुढं वरईचं वावर, वावराच्या बांधावर एक जांभूळ, आणि जांभळापुढं काही नाही. खाली एकदम कोकण. अकोले तालुक्याच्या पार पश्चिमेला सह्याद्री असा सुरीनं कापल्यासारखा तुटलाय. थंडीत सकाळी हवा स्वच्छ असली की तिथून समुद्र चमकताना दिसतो, असं आमच्या गावातला प्रत्येक माणूस शपथेवर सांगतो. मला कधी दिसला नव्हता. दिसणार कुठून? लग्नाला आठ वर्षं झाली तरी मी जांभळाच्या पलीकडं पाऊल टाकलं नव्हतं.

मी राहुरीची. आमच्याकडं उंच म्हणजे उसाची भरलेली ट्रॉली, नाहीतर साखर कारखान्याचं धुराडं. बाकी सगळं सपाट. शाळेची सहल मुळा धरणावर गेली होती तेव्हा सगळ्या पोरी भिंतीवरून वाकून वाकून पाणी बघत होत्या आणि मी गाडीत बसून डबा खात होते. माझे वडील विद्यापीठाच्या शेतावर कामाला. मावशीनं स्थळ आणलं, मुलगा चांगला होता, शिर्डीला हॉटेलच्या गाडीवर ड्रायव्हर. घर कुठं आहे, हे कोणी नीट विचारलंच नाही. "डोंगराकडं आहे," एवढंच मावशी म्हणाली. डोंगराकडं! कड्याच्या टोकावर आहे, हे सांगायला तिच्या जिभेला काय झालं होतं, कोण जाणे.

लग्नानंतर आमचे हे मोठ्या कौतुकानं मला कडा दाखवायला जांभळाखाली घेऊन गेले. मी एकदा खाली बघितलं आणि मटकन बसले. उठायची हिंमत होईना. शेवटी नव्या शालूत चार पायांवर रांगत मागं आले. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी हनुवटीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अगं बया! सून आनली का वासरू आनलं?" ते वाक्य संध्याकाळपर्यंत गावभर झालं. पुढं वर्षभर मी नळावर पाण्याला गेले की बाया एकमेकींना डोळे घालून हसायच्या.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. साठी ओलांडलेली बाई, अंगानं काटक, एक गुडघा कामातून गेलेला आणि तोंड फटकळ. गोड बोलणं त्यांना जमतच नाही. जेवण आवडलं तर म्हणणार, "आज बरं गिळवलं." हे शिर्डीत, पंधरा दिवसांनी एकदा घरी. त्यामुळं घरात आम्ही दोघीच. माझंही तोंड काही गप्प बसणाऱ्यातलं नाही, पण त्यांच्यापुढं मी पदर सोडला नाही की अहोजाहो सोडलं नाही. आईनं तेवढं एक बजावून पाठवलं होतं.

दोघींच्या मध्ये होती बांडी. बांडी म्हणजे आमची गाय. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, म्हणून बांडी, दुसरं काही नाव नाही. डांगी जातीची, डोंगरातली. पायाला दगडाचं भय नाही आणि डोक्यात राग भरलेला. आत्याबाईंचा गुडघा गेल्यापासून त्यांना धारेला बसता येईना, म्हणून काम माझ्याकडं आलं. आमच्या राहुरीतल्या जर्सी गायी म्हणजे गरीब बिचाऱ्या, कोणीही यावं आणि पिळून जावं. बांडीनं मला पहिला महिनाभर लाथा घातल्या. मीही हटले नाही. रोज धार झाली की दारातल्या चपट्या दगडावर मूठभर खडेमीठ टाकायची, तिच्यासमोर बसून राहायची. हळूहळू तिनं मला पत्करलं, आणि एकदा पत्करल्यावर दुसऱ्या कोणाचा हात लावून घेईना. आत्याबाईंनासुद्धा नाही. त्याचा त्यांना राग होता का अभिमान, ते मला कधी कळलं नाही.

होळीच्या सुमाराची गोष्ट. माळावरचं गवत वाळून कोळ झालेलं. एका संध्याकाळी गावची सगळी गुरं परतली आणि बांडी आली नाही. गोठ्यात तिचं वासरू, अजून आईच्याच दुधावर असलेलं, रात्रभर ओरडत होतं. सकाळी माझा चुलत दीर कड्यावर जाऊन कानोसा घेऊन आला. मधाची पोळी काढायला तो कड्याकपारीत फिरतो, त्याला तिथलं सगळं माहीत. तोंड उतरलेलं होतं त्याचं.

"वहिनी, घंटा वाजतीय. नाळंत हाय."

नाळ म्हणजे दोन कड्यांच्या मधली उभी घळ. आमच्या जांभळापासून थोड्या अंतरावर ती सुरू होते आणि थेट कोकणात उतरते. पूर्वी माणसं त्या वाटेनं मीठ आणि सुके मासे वर आणायची म्हणे. आता पावसानं वाट खाल्ली आहे. वरून पाव अंतरावर कातळातून पाणी झिरपतं, एक झिरा आहे, तिथं उन्हाळ्यातही हिरवं गवत असतं. त्या गवतानं बांडीला खाली नेलं होतं. जनावर उतरतं, त्याला काय! पण वर येताना मध्ये घसारा लागतो, म्हणजे सुट्या दगडांचा उतार, पाय ठेवला की सगळं सरकतं. त्याच्या वर एक भलामोठा धोंडा घळीत अडकून बसलाय. उतरताना गाय त्याच्यावरून उडी मारते, चढताना तो भिंत होतो.

गावातली माणसं जांभळाखाली जमली. बोलणं झालं, तंबाखू मळून झाली. नाळेत गेलेलं जनावर परत येत नाही, असं आमच्या गावात सगळेच धरून चालतात. आधी एकानं बैल दोर बांधून ओढला होता, तो ओढता ओढताच गेला. "गेली म्हना," एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, "आज न्हाई तर उद्या पाय घसरंल. न्हाईतर बिबट्या हायेच." सगळं खरं होतं. खोटं त्यात काही नव्हतं, म्हणून मला जास्तच संताप आला.

आत्याबाईंनी लुगड्याचा काचा मारला. "म्या उतरते," म्हणाल्या.

"आत्याबाई, तुम्हाला धारेला बसता येत नाही आणि नाळेत उतरणार?"

"मंग कोन उतरंल? ह्ये तंबाखूवाले?"

"मी जाते."

सगळे हसले. एक म्हातारबा म्हणाले, "सूनबाई, आदी जांभळाच्या फुडं तरी जा!" मी तिथल्या तिथं ह्यांना फोन लावला. गावात रेंज फक्त त्या जांभळाखालीच येते. हे म्हणाले, "गाय गेली तर गेली. तू उतरू नकोस, तुला चक्कर येते." मी म्हटलं, "गाय गेली तर गेली असं तुम्ही तिकडं साईबाबांच्या दारात बसून म्हणताय, इथं वासराला कोण समजावणार?" आणि फोन ठेवला. खरं सांगते, तोपर्यंत जायचं पक्कं नव्हतं. हसले म्हणून आणि नको म्हणाले म्हणून पक्कं झालं. शिवाय दुसरं कोण जाणार? दुसऱ्याचा हात बांडी लावून घेत नव्हती.

जांभळाच्या पलीकडं मी गेले ती डोळे मिटूनच. दीर पुढं, मी मागं. तोंड कड्याकडं आणि पाठ कोकणाकडं करून, शिडी उतरतात तशी उतरले. पदर कमरेला, कमरेला मिठाची पिशवी, पाय अनवाणी. चप्पल काढायला त्यानंच लावली. माझा एकेक पाय धरून तो खाचेत ठेवत होता.

"वहिनी, खाली बगू नका."

"मग पाय काय तुमच्या भरवशावर टाकू?"

"टाका की. पाय तुमचा माज्याच हातात हाय."

दगड गार होता. हाताला शेवाळ लागत होतं. एक गोष्ट मात्र चांगली होती, की परत वर जायचं तर आधी वळावं लागणार होतं, आणि वळायची माझी छाती नव्हती. म्हणून मी उतरत राहिले.

बांडी झिऱ्याजवळ उभी होती. मला बघून तिनं कान हलवले, बाकी अंग थरथरत होतं. कास दगडासारखी टणक झालेली. मी आधी तिथंच धार काढली, भांडं कुठलं, दूध काळ्या कातळावरून खाली वाहत गेलं. वर वासरू उपाशी आणि इथं दूध दगडावर चाललंय, हे बघून मला रडूच कोसळलं. दीर दुसरीकडं बघत होता. धार झाली तशी ती शांत झाली. मी तळहातावर मीठ धरलं आणि एक पाऊल मागं सरले. ती एक पाऊल पुढं आली. म्हटलं, जमतंय.

आणि तेवढ्यात वरून वासरू ओरडलं.

वर कोणाचं तरी डोकं चाललं होतं. गुराखी माणसाला हेच सुचणार, मलाही सुचलं असतं. संध्याकाळी गाय हटून बसली की वासराला पुढं धरायचं, ती धावत येते. रोजची रीत आहे. आत्याबाईंनी वासरू आणून थेट कड्याच्या टोकाशी धरलं होतं.

बांडीनं मान वर केली आणि माझ्या अंगावरून सरळ घसाऱ्यावर झेप घेतली. दगड सुटले. दिरानं मला कातळाला दाबून धरलं म्हणून वाचले. ती गुडघ्यावर पडली, उठली, पुन्हा चढली, पुन्हा सगळ्या दगडांसकट खाली आली, आणि पहिल्यापेक्षा आणखी खालच्या टप्प्यावर जाऊन थांबली. दोन्ही गुडघे सोलले होते. तिच्या मागं हातभर जागा, आणि मग काही नाही. वर वासरू ओरडतच होतं आणि ती पुन्हा पाय रोवत होती.

मी हाक मारली, "आत्याबाई, वासरू मागं घ्या हो!"

वर काही कळलं नाही. उलट वासरू आणखी पुढं आलं. मला त्याचे पुढचे पाय दिसले.

"आत्याबाई, अहो, मागं घ्या!"

बांडीनं अंग आकसलं. आता झेप घेतली असती तर खेळ खल्लास होता. मग माझ्या तोंडून काय निघालं ते मी ठरवलं नव्हतं. बेंबीच्या देठापासून ओरडले, "ए म्हातारे! वासरू ने!"

नाळेचा गुण असा, की साधं बोलणं तिथं विरून जातं, पण पोटातनं आलेला आवाज ती पकडते आणि दोन्ही कड्यांवर आपटत वर नेते. म्हातारे, वासरू ने. म्हातारे, वासरू ने. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, आणि मग कुठूनतरी लांबून आणखी एकदा. अख्ख्या गावानं ऐकलं. वासराचे पाय दिसेनासे झाले, आवाज लांब गेला आणि थांबला. बांडी थोडा वेळ वर बघत राहिली, मग तिनं मान खाली टाकली.

दिरानं मला धरलेला हात सोडला. मग म्हणाला, "वहिनी, गाय निगंल एकादवेळंस. पन वर गेल्यावर तुमचं काय खरं न्हाई."

त्या दिवशी तिला हलवण्यात अर्थ नव्हता. आम्ही गवत कापून तिच्यापुढं टाकलं, जागेच्या काठाला दगड रचले आणि वर आलो. आत्याबाईंनी माझ्यापुढं ताट सरकवलं आणि पाठ फिरवली. मला वाटलं होतं, बोलतील, शिव्या घालतील, निदान भांडं आपटतील. काही नाही. रोज बोलणारी बाई गप्प झाली की घर खायला उठतं. माफी मागावी असं मला वाटलं का? नाही वाटलं. मी ओरडले नसते तर गाय गेली असती, हे त्यांनाही दिसत होतं की! पण ताट तसंच राहिलं, हेही खरं.

सकाळी उठले तर आत्याबाई घरात नाहीत. गोठ्यात वासरूही नाही. दारातल्या चपट्या दगडावर एक फडक्याचं गाठोडं होतं, उघडलं तर मीठ. आतल्या बरणीत खडा शिल्लक ठेवला नव्हता. शेजारीण म्हणाली, "पहाटंच वासरू घेऊन गेली बया, कुटं ते सांगितलं न्हाई." मी समजले. पलीकडच्या वाडीत त्यांची बहीण असते, तिकडं गेल्या असणार रुसून. वासराचा आवाज इथं येणार नाही, एवढं तरी बरं झालं म्हटलं. आणि गाठोडं कमरेला बांधलं.

त्या दिवशी आम्ही नाळेला पायऱ्या केल्या. आम्ही म्हणजे मी आणि दीर, आणि तंबाखूवाल्यांतले दोघं. माझ्या ओरडण्यानं त्यांना काय झालं कोण जाणे, न सांगता पहारी घेऊन आले. घसाऱ्यातले सुटे दगड उचलायचे, चपटे बघून बसवायचे, मध्ये माती ठोकायची, वर उभं राहून नाचून बघायचं. हलला तर काढून पुन्हा. अडकलेल्या धोंड्याशी सगळ्यात वेळ गेला. तिथं दगडांचा उतार रचला, त्यावर कारवीच्या काठ्यांचे भारे आडवे टाकले आणि वर ओली माती लिंपली. माझी नखं तुटली, तळहात सोलले. दीर म्हणाला, "राहुरीची मानसं कामाची असत्यात की." मी म्हटलं, "राहुरीची नाहीत, रागातली."

मग बांडीला वर काढायला सुरुवात केली, आणि तेव्हा मला कळलं की खरं संकट वेगळंच आहे. मीठ तिच्या तोंडापुढं धरायचं, तर माझं तोंड तिच्याकडं पाहिजे. म्हणजे तोंड कोकणाकडं. नाळ मी उलटी चढायची, पाठीनं, आणि समोर सगळा तो खड्डा, तळातल्या वाड्यांची नखाएवढी घरं आणि मध्ये फिरणाऱ्या घारी. घारींची पाठ दिसत होती मला! मी आयुष्यात घारीची पाठ बघितली नव्हती.

"दुसरं कोणी मीठ धरा," मी म्हटलं.

"धरतो की," दीर म्हणाला. त्यानं हात पुढं केला आणि बांडीनं शिंग उगारलं.

मग काय! मी पायरीवर बसले, दोन्ही पाय समोर, एका हातानं मागची पायरी चाचपली आणि बुड उचलून वर सरकले. हात पुढं केला. बांडीनं जीभ काढली, मीठ चाटलं, पाय उचलला, पायरीवर ठेवून बघितला. दगड हलला नाही. दुसरा पाय आला. मी पुन्हा सरकले. तिचे डोळे माझ्यापासून वीतभर अंतरावर होते आणि मी ठरवलं की आपण ह्या दोन डोळ्यांपलीकडं काही बघायचं नाही. तोंडानं सारखी बोलत होते. काय बोलत होते देव जाणे. लाथा घातल्यास तेव्हा बरं वाटलं का, आता चल, चल माझी बाय, गवताच्या काडीसाठी जिवावर उठलीस, वर चल, मग तुझ्याकडं बघते. दीर तिच्या कडेनं काठी धरून चालत होता, ती बाहेर झुकली की कोपरानं आत ढकलत होता.

घसारा पार झाला. धोंड्याशी ती अडली. उताराचा वास घेतला, काठ्यांवर खूर आपटला, आवाज पोकळ आला तशी मागं सरली. मी त्या उतारावर मीठ पसरलं आणि स्वतः मध्येच बसून राहिले. म्हटलं, मोडला तर दोघी जाऊ. हे मी शूरपणानं म्हटलं नाही, मला हट्टानं दुसरं काही सुचतच नव्हतं. ती आली. काठ्या कुरकुरल्या, माती सुटली, पण तिनं शेवटची उडी मारली आणि मी तिच्या गळ्याखाली सापडता सापडता राहिले. दीर ओरडला, "वा रं माजी वाघीन!" ते मला होतं का गायीला, मी विचारलं नाही. त्याच वेळी तो म्हणाला, "वहिनी, त्यो बगा समुद्र!" तिकडं टोकाला एक पांढरी रेघ असावी. मी म्हटलं, "गप बसा."

आता वर आकाश मोकळं दिसत होतं. जांभळाचा शेंडा दिसत होता. शेवटचा मातीचा चढ, उभा पण धड, तेवढाच राहिला होता. आणि तिथं बांडीनं बसकण मारली.

मी मीठ धरलं, तिनं बघितलं नाही. फडकं झटकून शेवटचे खडे काढले, तिच्या ओठावर लावले, ते तसेच गळून पडले. गुडघ्यांतून रक्त येत होतं. दिरानं शेपटी पिळली, पहारवाल्यांनी खालून रेटा दिला, पण जागची हलेना. ऊन उतरायला लागलं होतं. सकाळी झिऱ्यापाशी बिबट्याचे ठसे आम्ही सगळ्यांनीच बघितले होते, फक्त कोणी बोललं नव्हतं. एवढं करून इथं सोडायची, घरापासून हाकेच्या अंतरावर?

हाकेच्या अंतरावर. आता वासरू पाहिजे होतं. काल ज्यानं ती मेली असती, आज त्यानंच उठली असती, कारण आता वर सरळ वाट होती, धावली तरी चालण्यासारखी. आणि वासरू पलीकडच्या वाडीत. कोणी तिथवर जाऊन, रुसलेल्या बाईला समजावून ते आणेपर्यंत अंधार पडला असता.

"वर कुनी असंल तर सांगा तरी," दीर म्हणाला.

मी हाक मारली, "कोणी आहे का? आत्याबाईंकडनं वासरू आणा हो!" आवाज समोरच्या कड्यापर्यंतसुद्धा गेला नाही. पुन्हा मारली. काही नाही. दोन दिवसांत ओरडून घसा बसला होता.

दीर डोकं खाजवत म्हणाला, "वहिनी, कालच्यावानी मारा की."

"कालच्यासारखी कशी मारू? त्यासाठीच तर घर सोडून गेल्यात!"

"मारा तुमी. नाळंला तीच भाषा कळती."

मी डोळे मिटले. पोटात होता नव्हता तेवढा सगळा जीव गोळा केला. "ए म्हातारे! वासरू आण!"

डावा कडा बोलला. उजवा बोलला. लांबचा बोलायच्या आत वरून, अगदी आमच्या डोक्यावरून, आवाज आला.

"आनलंय गं भवाने! कवाची बसलीया हितं!"

आणि त्याबरोबर वासरू हंबरलं. बांडीचे कान ताठ झाले. तिनं एकदा कण्हल्यासारखा आवाज काढला, पुढचे पाय रोवले, आणि उठली. मी बाजूला झाले. ती तो चढ धापा टाकत, माती उडवत, माझ्याकडं न बघता चढून गेली. तिच्या मागनं मी वर आले, हातापायांवर, आठ वर्षांपूर्वी रांगले होते तशीच.

बांधाच्या मागं, जांभळाच्या बुंध्याला टेकून, आत्याबाई बसल्या होत्या. दुखरा पाय लांब केलेला. वासरू केव्हाच आईखाली शिरलं होतं. शेजारीण पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, तिच्या डोळ्यांना धार. तिनंच सांगितलं. आत्याबाई कुठल्या वाडीला गेल्याच नव्हत्या. पहाटे वासराला शेळीचं दूध पाजून, रानातून फिरवून आणून, आम्ही खाली उतरल्यावर त्या इथं बसल्या, शेवटच्या चढाला लागेल म्हणून. आणि त्यानं हंबरू नये, बांडीला ऐकू जाऊ नये, म्हणून दिवसभर आपली बोटं त्याच्या तोंडात देऊन बसल्या. बोट काढलं की ते तोंड उघडायचं. म्हणून उठल्या नाहीत, जेवल्या नाहीत, पाणी प्यायला म्हणून हलल्या नाहीत. दुपारी शेजारणीला दिसल्या तर खुणेनंच तिला गप्प केलं.

मी त्यांच्याजवळ बसले. त्यांचा उजवा हात मांडीवर पडला होता. बोटं पांढरी फट पडून सुजली होती, कातडी निघाली होती. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या, बांडीच्या गुडघ्यांकडं बघत होत्या. "हळद लावाय पायजे," एवढंच म्हणाल्या.

गाय गोठ्यात गेली, दोघींना हळद लागली, बांडीच्या गुडघ्यांना आणि आत्याबाईंच्या बोटांना. जांभळाखाली जाऊन ह्यांना फोन लावला आणि म्हटलं, "आली वर. आता निवांत गाडी चालवा." मग चूल पेटवली, भाकरी थापल्या, आमटी केली. मिठाचा खडा घरात नव्हता, तो शेजारून आणला. आत्याबाईंपुढं ताट ठेवलं. त्यांनी भाकरीला हात घातला, पण बोटं वळेनात. एकदा घातला, दोनदा घातला. मी समोर बसून बघत होते. काल पाठ फिरवून बसलेली ती बाई माझ्याकडं तोंड करून बसली होती.

"बगतीस काय?" त्या म्हणाल्या. "म्हातारी म्हनलीस न्हवं, अख्ख्या गावाला आयकू जाईल असं? मंग भरव आता."

आणि त्यांनी तोंड उघडलं. मी भाकरी आमटीत कुस्करली आणि त्यांना भरवायला लागले.